वहिनीचा काळा तवा आणि माझा आरसा

वहिनी आमच्या घरात आली ती एक ट्रंक, अर्धं पोतं नारळ आणि एक काळाकुट्ट तवा घेऊन. ट्रंक कॉटखाली गेली, नारळ मोरीजवळच्या कोपऱ्यात गेले, पण तवा कुठे ठेवायचा हा आईला मोठाच प्रश्न पडला. चिंचवडच्या चाळीतल्या आमच्या त्या दीड खोलीत भांड्यांची एक लांब फळी होती आणि तिच्यावर आईचं राज्य होतं. पितळेची, जर्मनची, दोन-चार स्टीलची अशी सगळी भांडी शाळेच्या कवायतीसारखी उंचीप्रमाणे उभी असायची. राख, चिंच आणि विटकरीची पूड यांनी आई ती रोज अशी घासायची, की सकाळी दारातून ऊन आत आलं की शेजारच्या बायका पदराने डोळे झाकल्याचं सोंग करायच्या. भाकरीचा तवासुद्धा तिने घासून घासून पांढरा केलेला होता. काळं भांडं म्हणजे आळशी बाई, हे आमच्या मावळातलं शास्त्र. आईने वहिनीचा तवा दोन बोटांत धरून उजेडात नेला, उलटासुलटा करून बघितला आणि मला म्हणाली, "यांच्या कोकणात राख मिळत न्हाई वाटतं." आपण हळू बोललो असं तिला वाटलं. वहिनी मागेच उभी होती.

मी खदखदून हसले. पंधरा वर्षांची होते आणि भावाचं लग्न ठरल्यापासून मला हसू म्हणून आलं नव्हतं, ते सगळं त्या तव्यावर काढलं. कारण माझं दुखणं अण्णा होता. अण्णा माझा थोरला भाऊ. वडील, म्हणजे तात्या, पुनावळ्याला शेतावर राहायचे. अण्णाला पिंपरीतल्या एका कंपनीत प्रेस शॉपमध्ये नोकरी लागली तेव्हा त्याच्या जेवणाखाण्यासाठी आई आणि माझ्या शाळेसाठी मी, अशा आम्ही दोघी चाळीत राहायला आलो. फर्स्ट शिफ्ट असली की पहाटे मी उठायचे, स्टोला पंप मारायचे, तो फर्रर्र करून पेटला की आधणात चहा टाकायचे. माझा चहा पोटात गेल्याशिवाय अण्णा सायकलवर टांग टाकत नसे. डबाही मीच भरायचे. संध्याकाळी परतल्यावर तो दारातूनच ओरडायचा, "शाले, आज पिठल्यानं काय हंगामा केलाय कँटीनमध्ये! वाटणीवरून भावकी झाली नुसती!" आता कळतं, की भुकेल्या माणसांना पिठलं कधी वाईट लागत नसतं. पण तेव्हा मला खात्री होती, की कंपनीचा भोंगा वाजतो तो माझ्या चहाच्या जोरावर. अशा राणीच्या राज्यात बाहेरून कुणी एक यावी, हिरवा चुडा खळखळवत यावी आणि मला चक्क "वन्सं" म्हणून अहो-जाहो करावं! ते अहो-जाहो मला आतून फार आवडायचं. म्हणून तर जास्त राग यायचा.

चार दिवस वहिनीने त्या तव्याला हात लावला नाही. पाचव्या सकाळी तिने तांदळाचं पातळ पीठ कालवलं, तो तवा स्टोवर चढवला, अर्धा कांदा उलथन्याच्या टोकाला टोचून तेलात बुडवला आणि तव्यावरून फिरवला. चर्रर्र असा एकच लांबलचक आवाज, आणि खोलीभर असा वास सुटला की शाळेत जायला निघालेली मी चप्पल घालता घालता थांबले. तिने वाटीने पीठ ओतलं. त्याला जाळी पडली, कडा आपोआप उचलल्या, आणि उलथनं नुसतं दाखवल्याबरोबर ते घावन तव्यावरून असं सुटलं जसा दोरीवरचा वाळलेला रुमाल सुटावा. पांढरं, मऊ, कुठे डाग नाही. त्या काळ्या कोळशातून ते पांढरं कापड निघताना बघून आईसुद्धा म्हणाली, "आगं बया!" अण्णाने किती खाल्ली ते मी मोजलं होतं, पण सांगत नाही, कारण तो आकडा मला अजून बोचतो. डबा घावनांचा गेला. संध्याकाळी मी दारात उभी राहिले, आणि अण्णा आला, माझ्या डोक्यावर टपली मारून सरळ आत गेला आणि आत जाऊन म्हणाला, "काय जादूबिदू करतेस काय गं?" माझ्या डोक्यावरची ती टपली मी बराच वेळ तशीच धरून उभी होते.

मग मी तव्याच्या मागे लागले. वहिनीला जे येतं ते तिच्या तव्यामुळे, माझ्याकडे तवा असता तर मी तिच्याहून पातळ घावन काढलं असतं, हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं की ते मला पाठ झालं. अण्णाजवळ हट्ट धरला. तो बिचारा रविवारी मला चिंचवडच्या बाजारात बशीरचाचांच्या दुकानात घेऊन गेला. बशीरचाचा कंपन्यांच्या भंगारातला पोलादी पत्रा आणायचे, कापायचे, ठोकायचे आणि त्याचे तवे, कढया, घमेली करायचे. तिथे ठोकाठोकीचा असा कल्लोळ असायचा की भाव करणारं माणूस आपोआप भांडल्यासारखं बोलायचं. चाचांनी दोन तवे पुढे टाकले. एक जाड, जड, जाळल्याच्या निळ्या-जांभळ्या डागांचा, रिबिटांनी दांडा ठोकलेला. अण्णाने तो मनगटावर तोलला, दुकानाच्या फरशीवर ठेवून बोटाने दाबून बघितला, डगमगला नाही. "हा घे शाले. पत्रा चांगला आहे, वाकायचा नाही." मी दुसऱ्याकडे बघत होते. तो पातळ होता, हलका होता आणि तेलाचा हात दिल्यामुळे असा चकाकत होता, की त्यात मला माझं नाक दिसलं. आपलं नाक ज्यात दिसतं ती वस्तू पंधराव्या वर्षी सोडवत नाही. "हाच," मी म्हटलं. अण्णा म्हणाला, "अगं, हा पापड आहे." मी पाय आपटला. चाचा दोन्ही विकायला बसलेले, ते कशाला मध्ये पडतात? "ले लो बेटी, बहुत बढिया! आरसा हाय आरसा!"

माझी नात गेल्या महिन्यात असाच एक तवा ऑनलाइन मागवून बसली. कार्बन स्टीलचा म्हणे. खोक्यात एक पुस्तिका होती आणि ती मला वाचून दाखवत होती, की आजी, हा घासायचा नाही, भिजत ठेवायचा नाही, धुतला की लगेच आचेवर सुकवायचा, तेलाचं बोट फिरवायचं. मी मान डोलावत ऐकून घेतलं. म्हटलं, बाई, हे मला एकीने फुकट सांगितलं होतं आणि मी तिचं तोंड बघितलं नव्हतं दोन दिवस.

झालं असं, की तवा घरी आल्याबरोबर वहिनी तो हातात घेऊन म्हणाली, "वन्सं, ह्याचं वरचं तेल आधी जाळायला हवं हां. करकरीत तापवायचा, निळा होईस्तोवर. मग कांदा-मीठ घासायचं, तेल लावायचं, परत तापवायचा. काळा होऊ दे चांगला. काळा झाला की तो तुमचा." मी तवा तिच्या हातून ओढून घेतला. मला काय वाटलं असेल? हिला माझ्या तव्याचा हेवा वाटतो! स्वतःचा कोळसा झालाय, आता माझ्या आरशाचाही कोळसा करायला निघालीय! मी मनातल्या मनात तिला असं काही झाडलं, की ते उघड बोलले असते तर आईने मला पुनावळ्याला पाठवून दिलं असतं. आणि मी आईचीच लेक, तिच्याच पद्धतीने तो तवा रोज राखेने, चिंचेने घासून लख्ख करायला लागले. पीठ ओतलं की ते तव्याला असं मिठी मारायचं जसं माहेरवाशिणीला आई. खरवडून खरवडून काढायचं, परत घासायचं. घावनाच्या नावाखाली घरात तांदळाची उकड शिजायची. अण्णा खायचा आणि म्हणायचा, "चवीला बरं आहे हो." ते 'हो' मला लागायचं. एक दिवस रागाच्या भरात तापलेल्या तव्यावर तांब्याभर गार पाणी ओतलं. टण्ण! चाळीतली माणसं दारात आली इतका मोठा आवाज. तव्याने पोट वर काढलं ते काढलंच, कडाही वाकल्या. ओट्यावर ठेवला की एका कडेवर डुगडुगायचा. मी तो ओट्याखाली फेकून दिला आणि दोन घास कमी जेवले. त्याकडेही कुणाचं लक्ष गेलं नाही.

वाया गेलेली वस्तू टाकायची नाही, हेही आईचं शास्त्र. तिने तो वाकडा तवा उचलला आणि उष्टी-खरकटी कामं त्याला दिली. त्यावर शेंगदाणे भाजायचे, मिरच्या तेलात परतून तिथेच ठेचायच्या, पापड भाजायचे, वड्या खरपूस करायच्या. आणि तो फळीवर चढणार नव्हता, म्हणून घासायचीही नाही. फडक्याने पुसायची की झालं. पावसाळाभर हे चाललं. एका दुपारी आई आणि वहिनी नळावर गेलेल्या, मला भूक लागलेली आणि पातेल्यात सकाळचं पीठ उरलेलं. वहिनीच्या तव्याला हात लावणं मला कमीपणाचं वाटलं, म्हणून माझा वाकडा घेतला. पोटामुळे पीठ मधून कडांकडे पळालं, म्हणून दांडा धरून तवा गोल फिरवत राहिले. आणि काय सांगू, कडा उचलल्या! घावन सुटलं! मधे झिरझिरीत, कडेला जाड, जरा टोपीसारखं, पण अख्खं सुटलं. मी ते उभ्या उभ्या खाल्लं आणि तोंड पुसून टाकलं. आता मला हात बसला, माझ्यात कला उतरली, असंच मला वाटलं. तव्याने काही केलं असेल हे डोक्यातसुद्धा आलं नाही. कुणाला सांगितलं नाही. मोठ्या दिवसाची वाट बघत बसले.

मोठा दिवस दसऱ्याला आला. अण्णाने प्रेस शॉपमधल्या चार दोस्तांना घावन खायला बोलावलं होतं. महिनाभर कँटीनमध्ये त्याने बायकोच्या घावनांची अशी हवा केली होती की ते चौघे स्वतःच मागे लागलेले. आदल्या दिवशी खंडेनवमी. कंपनीत मशीनची पूजा करून अण्णा घरी आला तो गुलालाने माखलेला आणि खुशीत. "आई, मशीन असं पुसलंय, की दाढी करावी त्यात बघून!" हे आईने ऐकलं. घरातलीही हत्यारं पुजायची असतात खंडेनवमीला: विळी, कोयता, खुरपं, तवा. वहिनी तांदूळ दळायला गिरणीवर गेली होती, सणाची ही रांग. आई बसली पायाशी विटकरीची पूड घेऊन. वहिनीचा तवा तिने मांडीशी घेतला आणि मायेने, अगदी मायेने, घासायला सुरुवात केली. काळ्याचे पापुद्रे निघाले. खांदे दुखेपर्यंत घासलं तिने. माहेरची वस्तू आहे पोरीची, सणाला तरी उजळ दिसू दे, म्हणत होती.

ते बघताना माझ्या पोटात काय पेटलं ते ऐका, म्हणजे कळेल मी काय चीज होते. मला राग आला तो आईने माझा तवा घासला नाही म्हणून! "माझा नाही का घासायचा?" मी विचारलं. "तो वाकडा व्हय? त्येला काय पुजायचं, ऱ्हाऊ दे शेंगदान्याला." म्हणजे सुनेची माया जास्त, लेकीची कमी! मी भिंतीकडे तोंड करून बसले. वहिनी आली तेव्हा तिचा तवा पाटावर होता, रुप्यासारखा पांढरा, हळदकुंकू लावलेला, झेंडूच्या फुलांत. आई म्हणाली, "बघ सूनबाई, आरशावानी झालाय का न्हाई?" आईची बोटं विटकरीने लाल झाली होती. वहिनीने तव्याकडे बघितलं, मग त्या बोटांकडे बघितलं. "छान झालाय हो आई," ती म्हणाली आणि दळणाचा डबा खाली ठेवला. रात्रीतून तिने काही केलं असतं, पण पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याचा नैवेद्य होईपर्यंत उचलायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौघे दोस्त बाहेरच्या खोलीत ताटं वाजवत बसले. आत पहिलं घावन तव्याला चिकटलं. आई म्हणाली, "पयलं असंच जातं." दुसरं चिकटलं. तिसऱ्याचे तीन तुकडे झाले. वहिनीच्या कपाळाचं कुंकू घामाने ओघळायला लागलं. आणि मी? मी ओट्याशी उभी राहून खोबरं खवत होते आणि माझ्या मनात ढोल वाजत होते. अण्णा आत डोकावला. परातीतला तो लगदा बघून त्याचा चेहरा उतरला. लग्नानंतर पहिल्यांदा तो तिच्यावर आवाज चढवून बोलला, "काय गं हे? नेमकं आजच?" आई गडबडून म्हणाली, "आरं, तवा तर मी येवढा साफ..." तिचं वाक्य पुरं होण्याआधी वहिनी म्हणाली, "पीठ बिघडलं. माझंच चुकलं, पाणी जास्त झालं."

पीठ बिघडलेलं नव्हतं. तेच पीठ, तेच हात, तीच आच. वेगळा होता तो फक्त पांढरा तवा. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला, की माझ्या हातात कला-बिला काही उतरलेली नव्हती. ओट्याखालच्या त्या वाकड्या तव्याने, आईच्या मिरच्या-शेंगदाण्यांच्या तेलाने, ती उतरवली होती. आणि ही बाई सगळं जाणूनही आईचं नाव घेत नव्हती. इतकं चांगलं वागायची काही गरज होती का? मला तर त्या चांगुलपणाचासुद्धा हेवा वाटला. मी ओट्याखालून माझा तवा काढला, फडक्याने पुसला आणि वहिनीला म्हटलं, "सरका."

त्या दिवशी मी स्टोपुढे उभी राहून तवा गरागरा फिरवत होते आणि वहिनी माझ्या शेजारी कांद्याने तेल लावत, घावनं उचलत होती. टोपीसारखी, मधे झिरझिरीत घावनं एकामागून एक बाहेर जात होती. बाहेरून आवाज आला, "राव, वहिनींच्या हाताला तोड नाही!" वहिनीने दाराआडून मोठ्याने सांगितलं, "मी नाही हो, वन्संनी केलीत सगळी." मी उलथनं धरून ताठ उभी राहिले. आणि अण्णा, माझा अण्णा, म्हणाला, "उगाच काहीतरी! शाली आणि घावन?" सगळे जे हसले, जे हसले! एकाला ठसका लागला. त्याला पाणी मीच नेऊन दिलं.

दोस्त गेले, अण्णा आपट्याची पानं घेऊन त्यांच्याबरोबर बाहेर पडला. मागच्या दाराच्या पायरीवर वहिनी शेगडी पेटवून बसली आणि पांढरा तवा तिच्यावर टाकला. मीही जाऊन बसले. गालावरचं पाणी धुरामुळे आहे असं दाखवायची सोय होती. तवा निळा झाला, मग तपकिरी. तिने तेलाचा कांदा माझ्या हातात दिला. "पातळ लावा, वन्सं. जास्त झालं की चिकट होतं." मग विचारलं, "तुमचा कुणी काळा केला हो इतका सुरेख?" मी म्हटलं, "आईनं." ती म्हणाली, "आणि माझा पांढरा पण आईंनीच." आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि जे हसायला लागलो ते थांबेनाच. आतून आईने विचारलं, "काय झालं गं पोरींनो?" त्याने आणखी हसू आलं. हसणं ओसरल्यावर वहिनी शेगडीकडे बघत म्हणाली, "लग्नानंतर पहिल्या सकाळी मी चहा केला. तुमच्या भावाने घोटभर घेतला नि म्हणाले, शालीसारखा नाही जमला. तेव्हापासून तुम्ही चहा करताना मी डोळे मिटून पडलेली असते ना, ती झोपलेली नसते. पावडर किती घालता, कधी घालता, सगळं बघते. तरी जमत नाही मेला." त्या दिवसात पहिल्यांदा मला जेवावंसं वाटलं.

त्या तव्याला पहिल्यासारखं व्हायला दिवाळी उलटून गेली. तोवर घावनं माझ्या वाकड्यावर झाली, आणि तो फिरवण्यात वहिनी माझ्याहून तरबेज झाली, हे सांगायला नकोच. पुढे माझं लग्न होऊन मी तळवड्याला गेले, तेव्हा तिने आपला काळा तवा न विचारता माझ्या ट्रंकेत घातला आणि वाकडा स्वतःला ठेवला. सासूबाईंनी तो दोन बोटांत धरून उजेडात नेला. काय म्हणाल्या ते सांगायला नको. मी त्यांच्या पुढ्यातून विटकरीची पूड मात्र उचलून ठेवली.

गेल्या रविवारी पुनावळ्याला गेले होते. वहिनी-अण्णा आता तिथेच असतात, बिल्डिंगमध्ये. शेत होतं तिथे पार्किंग आहे. वहिनीने माझ्या त्या वाकड्या तव्यावर घावन केलं. गॅसच्या शेगडीवर तो अजून डुगडुगतो. हात थरथरतात तिचे, पण घावन असं पातळ आलं, की त्यातून खिडकी दिसावी. माझ्या घरी, तिच्या सरळ, चांगल्या तव्यावर, मला असं एकदाही आलेलं नाही. मी तीन खाल्ली आणि म्हटलं, "मीठ कमी आहे हो वहिनी जरा." मीठ अगदी बरोबर होतं. तेवढ्यात अण्णा, आता त्याला ऐकू कमी येतं म्हणून ओरडून बोलतो, आतून म्हणाला, "शाली आलीय ना? मग चहा तिला करू दे!" वहिनीने उलथनं जरा जोरातच खाली ठेवलं. मी चहा केला, सावकाश, तिला सगळं दिसेल असा केला. तिने बशीत ओतला, एक घोट घेतला, डोळे मिटले.

"आलं जास्त झालंय, वन्सं," ती म्हणाली.

आलं मी घातलंच नव्हतं.